चार सुलट, दोन एकत्र

सकाळी आठ वाजता मावशींनी खिडकीची काच पुसली, चहाचा कप लोकरीपासून हातभर लांब ठेवला आणि कालची ओळ मोजून घेतली. उभं आयुष्य विणकामात गेलं, तरी टाके मोजल्याशिवाय त्या सुई चालवत नसत. एवढ्यात भाचा आला. तीन गल्ल्या पलीकडे तो आईला, म्हणजे मावशींच्या थोरल्या बहिणीला, सांभाळत होता. पाय मोडल्यापासून ताई अंथरुणाला खिळली होती.

त्याने ताईचा राखाडी स्वेटर आणि मापाचा दोरा टेबलावर ठेवला. "ढगळ होतोय तिला. बारीक करून दे. तुझ्या डाव्या हातचा मळ."

"मीच येते माप घ्यायला."

"कशाला तंगडतोड? झोपलेली असते. डॉक्टर म्हणालेत, भेटायला कुणी नको."

"कुठले डॉक्टर?"

"आहेत एक."

"जेवते ना नीट?"

"या वयात भूक कुठली, मावशी? आम्हीच रोज थोडं थोडं कमी करत आणलंय." तो हसला. "आणि बारीक केलाय हे दिसू देऊ नकोस हं. रविवारी तिला गॅलरीत बसवायचंय. शेजारी भोचक आहेत."

तो गेल्यावर मावशींनी दोरा टेपवर धरला. तीस इंच. अडीच महिन्यांपूर्वी हाच स्वेटर त्यांनी छत्तिसाच्या मापाने विणला होता.

खालपासून काखेपर्यंत घेर उसवून त्यांनी टाके सुईवर घेतले. एकशे चव्वेचाळीस. त्यातले चोवीस जायला हवेत. एका जागी घटवले तर चुणी पडते आणि कुणालाही दिसते; घेरभर सारखे वाटून घटवले तर जाणत्यालाही पत्ता लागत नाही. चार टाके सुलट विणायचे, पुढच्या दोनांचा एकत्र विणून एक करायचा. चार सुलट, दोन एकत्र. चार सुलट, दोन एकत्र.

अकराव्या खेपेला हात थबकला. तीनदा त्या ताईच्या दारात गेल्या होत्या आणि 'झोपलीय' एवढं ऐकून तीनदा मुकाट परतल्या होत्या. घरातून ताईचा आवाज कधी आला नव्हता. खोकलासुद्धा नाही.

त्यांनी सुया बाजूला ठेवल्या, दाराला कुलूप लावलं आणि समोरच्या दवाखान्यातल्या परिचारिकेला सगळं सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला, "सहा इंच?" आणि पिशवी उचलली.

भाच्याने दार अर्धंच उघडलं. "अगं, झोपलीय ती."

त्याला हाताने बाजूला सारून मावशी आत गेल्या, पाठोपाठ परिचारिका.