चाळीस जणी, एकच आई

मी एक म्हातारी मावा कीड आहे. आज मला चौतीस दिवस पूर्ण झाले. हसू नका मित्रांनो, आमच्यात या वयाला पणजी म्हणतात. ढोबळी मिरचीच्या बारा रांगा असलेल्या एका हरितगृहात, अगदी शेवटच्या रांगेत, पाण्याच्या टाकीजवळच्या झाडावर माझा जन्म झाला. मला वडील नाहीत. इथे कुणालाच नाहीत. आमच्याकडे आई एकटीच लेकींना जन्म देते, तोही अंडी न घालता, आणि प्रत्येक लेक म्हणजे आईची हुबेहूब नक्कल असते.

पण इतक्या नकला निघताना कधीतरी एखादीच्या आत बारीकसा फरक पडतो. तो माझ्यात पडला होता. दिसायला मी बहिणींसारखीच, त्यामुळे ना आईला कळलं, ना मला. कळलं ते तिसऱ्या दिवशी.

त्या दिवशी बागवान पाठीवर पंप लावून आला. औषध पडलं आणि माझी आई पानावरून गळून खाली मातीत पडली. मागोमाग माझ्या साठ बहिणी गेल्या. तेच औषध माझ्याही अंगावर पडलं होतं, पण मला जरा गरगरलं, एवढंच. बागवानाने पानं उलटून पाहिली आणि शीळ घालत निघून गेला. माझी आई त्याच्या बुटाखाली होती आणि तो शीळ घालत होता! मला दात नाहीत, नाहीतर दातओठ खाल्ले असते. या माणसाच्या हाती एक मिरची धड लागू द्यायची नाही, असं मी तिथेच ठरवलं.

आठव्या दिवसापासून मला रोज चार-पाच लेकी होऊ लागल्या. माझ्यातला फरक त्यांच्यात जसाच्या तसा उतरला. दुसऱ्या आठवड्यात बागवानाची थोरली बहीण आली. पिकांच्या किडी तपासणं हेच तिचं काम. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून तिने पान पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, औषध मारलंस ना? मग ही परत कशी?"

"एखादी राहिली असेल गं पानाआड. पुन्हा मारतो तेच."

"थांब जरा. आधी प्रत्येक रांगेतलं एकेक पान घे, बशीत ठेवून औषध टाक, किती मरतात ते बघ. दिसायला सारख्या असल्या तरी सगळ्या एक नसतात."

"बरं ताई, करतो."

बागवान आळशी नव्हता, हे मी वैरीण असूनही सांगते. पण त्याला घाई फार. बारा रांगा फिरण्याऐवजी त्याने दाराजवळच्या एकाच झाडाची पानं खुडली. त्या झाडावर आठवड्यापूर्वी बाहेरून एक पंखवाली मावा कीड उडत आली होती. बशीतल्या चाळीसही जणी तिच्याच लेकी होत्या आणि त्या औषधाला टिकणाऱ्या नव्हत्या. तो टाकीजवळ उभा राहून फोनवर ओरडला, "ताई, चाळीसच्या चाळीस गेल्या!"

"सगळ्या रांगांमधल्या होत्या ना?"

"हो, हो, सगळ्या," तो बिनदिक्कत खोटं बोलला. पानामागे मला हसू आवरेना.

मग त्याने तेच औषध आणखी कडक करून तीनदा मारलं. दाराजवळच्या परक्या मेल्या. आम्हाला खाणारे ढालकिडेसुद्धा मेले. सगळं रान आम्हाला मोकळं झालं! बाविसाव्या दिवशी बाराही रांगांवर फक्त माझं खानदान होतं. पानं वळली, फळं चिकट झाली, त्यांवर काळी बुरशी चढली. बागवानाने चार रांगा स्वतःच्या हाताने उपटल्या आणि तिथेच मातीत बसला. "अहो, चला, दोन घास खाऊन घ्या," असं त्याची बायको दारातून तीनदा म्हणाली. तो हलला नाही. मी ते डोळे भरून पाहिलं. आई, तुझा सूड घेतला गं, असं मी मोठ्याने म्हणाले.

तेवढ्यात ती बहीण पुन्हा आली.

"खरं सांग, पानं कुठली घेतली होतीस?"

"दाराजवळची," तो खाली मान घालून म्हणाला. "एकाच झाडाची."

"मग चाळीस किडी नाही तपासल्यास तू. एकच तपासलीस, चाळीस वेळा."

या वेळी उरलेल्या आठ रांगांतून तिने स्वतः पानं घेतली आणि आठ डब्यांत तिळाहूनही बारीक अशा काळ्या गांधीलमाश्या सोडल्या. ही माशी आमच्या पोटात अंडं घालते आणि त्यातली अळी आम्हाला आतून पोखरून खाते. नऊ दिवसांनी तिने डबे उघडले, तर आठही डब्यांत माझ्या लेकींची फुगलेली, तपकिरी टरफलं होती.

"बघ," ती भावाला म्हणाली, "आता शेडमध्ये सगळ्या एकाच आईच्या उरल्यात. एकीला लागू पडलं ते सगळ्यांना पडणार. त्या दाराजवळच्या असत्या, तर कदाचित टिकल्या असत्या माशीपुढे. त्या तूच मारल्यास."

बागवान कितीतरी दिवसांनी हसला. आज सकाळीच त्यांनी रांगारांगांत कार्डं टांगली आहेत, त्यांतून त्याच गांधीलमाश्या बाहेर पडतात.

मित्रांनो, त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. तरीही एक सांगते. तुमच्यापैकी कुणी उद्या बाग सांभाळणार असेल, तर एका झाडाकडे पाहून "सगळी बघितली" म्हणू नका. आणि सगळीकडे आपल्यासारख्याच असाव्यात, असा हट्टही धरू नका. परक्या मेल्या तेव्हा मी नाचले होते.

हल्ली मला दिवसाला एखादीच लेक होते. आज दुपारी एक झाली. पलीकडच्या पानावर माशी उतरली होती, तरी मी लेकीलाच न्याहाळत बसले. कुठेतरी, काहीतरी वेगळं असेल म्हणून पुन्हा पुन्हा पाहिलं. पोर अगदी माझ्यासारखीच आहे, आणि ते पाहून मला रडू आवरत नाही.