भोंग्याच्या तोंडातला बोळा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, आणि अडगळीत पडलो असलो तरी माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

सुकामेव्याच्या कारखान्यात धातू पकडणाऱ्या यंत्रावर मला बसवलं होतं. पट्ट्यावरून जर्दाळूंची पाकिटं सरकायची. एखाद्यात टाचणीएवढं लोखंड असलं तरी मी ठणाणा करायचो आणि पट्टा थांबायचा. निवडणाऱ्या ताई ते पाकीट बाजूला काढून म्हणायच्या, "शाबास रे पहारेकऱ्या!" तेवढ्या शाबासकीवर मी अकरा वर्षं काढली.

मग नवे मुकादम आले. खिशात किल्ल्यांचा भलामोठा जुडगा आणि सवय यंत्राला रेलून उभं राहायची! ते रेलले की मी ओरडायचो.

"साहेब, किल्ल्या तेवढ्या लांब ठेवा की," ताई म्हणाल्या.

"किल्ल्यांचं काय घेऊन बसलात? म्हातारा झालाय हा, उगाच बोंबलतो."

ताई जेवायला गेल्या, तेव्हा मुकादमांनी माझ्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला आणि पट्टा थांबवणारी कळही बंद केली.

त्याच आठवड्यात चाळणीची तार तुटली. तिचे तुकडे पाकिटांत गेले. मी जीव तोडून ओरडलो, पण बाहेर आवाजच फुटेना. वर ताई कौतुकाने म्हणाल्या, "आजकाल शहाणा झालास हो! माल किती स्वच्छ येतोय." आणि त्यातलंच एक पाकीट त्यांनी नातीसाठी नेलं. तेव्हा मला किती चडफडायला झालं, काय सांगू!

चार दिवसांत तक्रारी आल्या. विकलेली सगळी पाकिटं परत मागवली. ताईंनी घाबरून घरी फोन लावला.

"अगं, ते जर्दाळू तिला देऊ नकोस!"

"आई, अर्धं पाकीट संपलं. तिच्या हिरडीत काहीतरी रुतलंय, रक्त थांबत नाहीये."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. जवळ येऊन बोट घातलं आणि बोळा उपसून काढला. "मी तुला शहाणा म्हणत होते रे," एवढंच बोलल्या आणि रडत घरी धावल्या.

दुपारी तपासणीला अधिकारी आले. मुकादम नेहमीसारखे यंत्राला रेलले. मी कोकललो.

"बघा, असा उगाच बोंबलतो. यंत्रच बिघडलंय." अधिकाऱ्यांनी मान डोलावून तसंच लिहून घेतलं.

नातीच्या हिरडीतली तार डॉक्टरांनी काढली, पण ताई पुन्हा कामावर आल्या नाहीत. माझ्या जागी नवा भोंगा लागला. काल तोही ओरडला. मागोमाग "हाही तसलाच!" असं मुकादम करवादले आणि फडकं फाडल्याचा आवाज आला.

मित्रांनो, कुणी ओरडलं तर त्याच्या तोंडात बोळा कोंबण्याआधी एकदा आपला खिसा चाचपून बघा.