नऊ जणींचा एकच आकडा

रश्मीने चोवीस आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत लावले. रांगेच्या सुरुवातीलाच नऊ वेळा दोन आला होता.

फिजिओथेरपीच्या प्रबंधातलं हे शेवटचं कोष्टक. राई गावातल्या गुडघे धरलेल्या चोवीस बायका. बारा जणींना तिने सहा आठवडे घरी जाऊन व्यायाम शिकवला, उरलेल्या बारा जणींना नुसतं माहितीपत्रक दिलं. शेवटी सगळ्यांना विचारलं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? आता दोन्ही गटांना मिळून क्रमांक द्यायचे, सारख्या आकड्यांना सरासरी क्रमांक, आणि मग गटागटाच्या बेरजा ताडून पाहायच्या. मान-व्हिटनी चाचणी म्हणतात ती एवढीच. बेरजांत जमीनअस्मानाचा फरक निघाला होता. एरवी रश्मी इंद्रलोक कॉलनीतल्या आपल्या घराच्या इवल्याशा हॉलमध्ये नाचली असती.

पण आकडे आधीच पाहिलेल्या तिच्या मार्गदर्शक राजश्री मॅडमचा मेसेज येऊन पडला होता. "एकाच गटात नऊ जणींचं दुखणं तंतोतंत सारखं? पाचच्या आत खुलासा पाठव, मगच सही करते." सही नाही म्हणजे सहा महिने पाण्यात, आणि क्लिनिकमधली ठरलेली नोकरीही हातची गेली. साडेतीन वाजले होते.

तिने हंसामावशीला फोन लावला. व्यायामाच्या गटातली तीच सगळ्यांत बोलकी.

"मावशी, तुम्ही दुखणं दोन सांगितलं होतं ना?"

"हो, दोनच. काय चुकला काय?"

"तुमच्या आळीतल्या नऊच्या नऊ जणींनी दोनच सांगितलंय."

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

"आमीच ठरवला व्हता तसा," हंसामावशी म्हणाली. "तू पोर उनातानाची येत व्हतीस, आमचं पाय धरून बसत व्हतीस. तुला दुखतंय कसा सांगायचा? शून्य बोललो असतो तर खोटा वाटला असता."

रश्मीला त्या बायांचा भयंकर राग आला आणि त्यांची मायाही कळली. तिने पेन उचललं.

"मावशी, आता खरं सांगा. मला तेच लिहायचंय."

"लिवलास तर काय व्हईल?"

"बहुतेक नापास होईन."

पलीकडे भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"मंग मला काय दुखत न्हाय," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.