बरणीत कोंडलेला आवाज

रिकामी काचेची बरणी टेबलावर गुणगुणत होती! सभागृहातली दोनशे माणसं हात जोडून उभी राहिली.

"आला! पोरीच्या डोक्यातला आवाज बरणीत आला!" बरणीबाबा ओरडले. "बरणी घरी न्या. डॉक्टरच्या गोळ्या आजपासून बंद!"

पोरगी म्हणजे माझी सोळा वर्षांची भाची. सहा महिने तिला कुणी नसताना आवाज ऐकू येत होते. गोळ्या सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता, पण आमच्या ताईला तेवढाही धीर निघेना. दोघींना स्कूटरवरून इथे आणलं ते मी शहाण्याने.

"बोल बाळा, गेला ना आवाज?" बाबांनी माइक तिच्यापुढे धरला.

"हा माझा आवाज नाही. टेबलाखाली फोन वाजतोय."

हशा पिकला. जिला नसलेलं ऐकू येतं, ती आता आम्हाला शिकवणार! माझं तर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ही थरथर दिवसभर ऐकतो, आणि इथे बावळटासारखा हात जोडून उभा! मी तिरीमिरीत टेबलावरचं कापड ओढलं. फळीला खालून चिकटपट्टीने फोन लावलेला होता. फोन थरथरला की पातळ फळी थरथरायची आणि वरची काच गुणगुणायची. कोपऱ्यातला चेला घाईघाईने स्वतःचा फोन खिशात कोंबत होता.

"मामा," भाची म्हणाली, "माझा आवाज अजून आहे. तो मला मर म्हणतो."

"असं अभद्र बोलू नये गं!" ताई कळवळली.

"बोलू दे तिला!" मी ओरडलो. "इतके दिवस आपणच तिला गप्प बसवलंय!"

तिथून तडक तिच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बाईंनी सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का? आत्ताही वाटतोय?"

"असलं विचारू नका हो, मनात भरेल," ताई म्हणाली.

"विचारल्याने भरत नाही. न विचारल्याने पोर एकटी पडते."

मग भाचीने स्वतःच्या अक्षरात कागद लिहिला: झोप उडाली आणि मी दार लावून घेतलं, की आवाज वाढलाय असं समजा. आधी आईला हाक, मग मामाला फोन, तरी थांबला नाही तर थेट दवाखाना. आमची कामंही त्यात आली: गोळ्यांचा डबा ताईने कुलपात ठेवायचा, इजा होईल अशा वस्तू घरातून हलवायच्या आणि तिला एकटं सोडायचं नाही. खाली आम्ही तिघांनी सह्या केल्या.

त्या कागदाप्रमाणे तिने मला दोनदा फोन केलाय. दोन्ही वेळा मी दुकानाचं शटर ओढून धावलो. आज ती आहे. तुमचं मूल असं काही सांगू लागलं तर त्याला गप्प बसवू नका. सरळ विचारा, सोबत बसा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.