माझी कुरकुर कोण ऐकणार?

मी एक जुनी मोटार आहे. किती जुनी, ते विचारू नका. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या बहुतेक बहिणी भंगारात गेल्या आणि त्यांच्या बादल्या नि खिडक्यांचे गज झाले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मित्रांनो, माझा रंग एकेकाळी फिकट निळा होता. आता टपावर तो उन्हाने इतका विटला आहे की त्याला नेमके काय म्हणावे, यावर घरातही एकमत नाही. माझे मागचे डावे दार जरा उचलून ओढल्याशिवाय लागत नाही. पण चावी फिरवली की मी पहिल्या झटक्यात सुरू होते, आणि याचा मला गर्व आहे. तो लपवण्याचे माझे वय राहिलेले नाही.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या छपराखाली झाला. कोणी चाके बसवली, कोणी काचा. शेवटी एका बाईने माझी चारही दारे उघडून लावून पाहिली, मागच्या डाव्या दारापाशी कपाळाला आठी घातली आणि तरीही पास केले. ते दार तेव्हापासूनच हट्टी आहे, त्यात माझा दोष नाही.

माझा पहिला मालक फिरता विक्रेता होता. सुरुवातीला तो मला रोज पुसायचा, काचेवर बोटाचा ठसा दिसला तरी रुमाल काढायचा. पण नव्याचे नऊ दिवस! पुढे मला पुसणे राहिले, तेल बदलणे राहिले. "आज नको, उद्या बघू," हे त्याचे आवडते वाक्य. माझ्या पोटातले तेल डांबरासारखे काळे आणि घट्ट झाले. मी खडखड करू लागले तेव्हा त्याने काय केले असेल? रेडिओचा आवाज वाढवला. एक दिवस त्याने मला विकायला काढले. मी रडवेली होऊन रस्त्याच्या कडेला उभी होते, वायपरमध्ये 'विकणे आहे' अशी चिठ्ठी खोचलेली.

तिथेच माझे नशीब उघडले.

एक जोडपे आले. ती रुग्णांच्या घरोघरी जाऊन शुश्रूषा करणारी नर्सबाई, आणि तो शिवणयंत्रे दुरुस्त करणारा मिस्त्री. गाडी नर्सबाईंना हवी होती. मिस्त्रींना गाडी चालवताही येत नव्हती, आजही येत नाही. पण त्यांनी माझ्या रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. झाकण उघडून मला सुरू करायला लावले, पिशवीतून एक लाकडी दांडके काढले, त्याचे एक टोक माझ्या इंजिनावर टेकवले आणि दुसरे स्वतःच्या कानाला लावले. डॉक्टर नळी लावतात ना, अगदी तसे. विक्रेता तोंडावर हात ठेवून हसू लागला.

मिस्त्री बराच वेळ ऐकत होते. मग बायकोला म्हणाले, "छाती चांगली आहे हिची. पोट तेवढं बिघडलंय. घेऊ या."

मित्रांनो, त्या क्षणी मी त्यांची झाले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमचा एकच कार्यक्रम. मिस्त्री बाहीची बटणे सोडत अंगणात येतात. तेलाची कांडी पुसून, बुडवून, पुन्हा काढून उजेडात धरतात. पाणी पाहतात. चाकांतली हवा मोजतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली असेल तर सोड्याच्या पाण्याने घासून काढतात. आणि सगळ्यात शेवटी दांडके. नर्सबाई मला सुरू करतात, मिस्त्री डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "ठीक आहे." ते ऐकले की नर्सबाई आठवडाभर निर्धास्त.

मिस्त्रींचे एक म्हणणे आहे. ते घरात सगळ्यांना पाठ आहे. "मशीन आधी कुरकुरतं, मग रडतं, मग बसतं. कुरकुर ऐकली की पुढचं सगळं टळतं." त्यांची मुलगी लहानपणी जेवताना हट्ट करू लागली की नर्सबाई म्हणायच्या, "अहो, दांडकं आणा, हिची कुरकुर सुरू झाली."

मी नर्सबाईंना घेऊन किती गल्ल्या, किती चढउतार पालथे घातले! बाळंतिणी, मोडलेली हाडे, खोकणारे म्हातारे. लोक खिडकीतून मला पाहून म्हणत, "आल्या बाई." मला वाटायचे, माझेच स्वागत आहे. थोडे होतेही.

पुढे नर्सबाई निवृत्त झाल्या. आता माझे एकच मोठे काम उरले, पण ते लाखमोलाचे. टेकडीपलीकडच्या वस्तीत त्यांची थोरली बहीण राहते. तिला सगळे ताई म्हणतात. ताई अंथरुणाला खिळलेली आहे. रोजचे सगळे शेजारीण पाहते, पण दर गुरुवारी नर्सबाई जातात, तिला न्हाऊ घालतात, केस विंचरतात, नखे कापतात आणि दोघी तासन् तास जुन्या गोष्टी काढून हसतात. तिकडे बस जात नाही. मी आहे म्हणून गुरुवार आहे.

आणि नेमकी तेव्हाच माझी कुरकुर सुरू झाली.

इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवणारा एक पंप माझ्या पोटात असतो. त्याचे बेअरिंग झिजू लागले होते. चिक, चिक, चिक. मी रविवारची वाट पाहिली. मिस्त्री आले, दांडके लावले, डोळे मिटले. मी चिकचिकले. ते हसले आणि म्हणाले, "आता तर काय, लोण्यासारखी चालते!"

मी थक्क झाले. पुढच्या रविवारी मी आणखी जोरात चिकचिकले. "लोणी," मिस्त्री म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आले. मिस्त्रींना ऐकू येत नव्हते. त्यांचे कान हळूहळू गेले होते, आणि त्यांनी घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. कोणी काही विचारले की मान डोलवायची, सगळे हसले की आपणही हसायचे. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. त्यांना वाटत होते, मीच सुधारले!

पण नर्सबाईंचे कान तर तिखट! त्यांना माझे चिकचिकणे रोज ऐकू येत होते. मग त्या का बोलल्या नाहीत? कारण मिस्त्री "ठीक आहे" म्हणाले होते. त्यांनी दांडके लावून ऐकले आहे म्हटल्यावर आपण काय वेगळे सांगणार? मित्रांनो, मी एकाच्या कानापाशी ओरडत होते आणि दुसरी मला ऐकून गप्प बसत होती. असा राग आला होता मला, की काय सांगू!

शेवटी एका गुरुवारी टेकडीच्या चढावर माझे बेअरिंग फुटले. पट्टा घसरला, पाणी गळू लागले, उष्णतेचा काटा लाल रेषेकडे धावला. नर्सबाईंनी तत्क्षणी मला कडेला घेतले आणि बंद केले. दुसरे कोणी 'थोडंच राहिलंय' म्हणून रेटले असते, तर आज तुमच्याशी बोलायला मी उरले नसते. कडेच्या एका दगडावर त्या बसून राहिल्या, मांडीवर ताईचा धुतलेला गाऊन आणि कंगवा. ताईकडे काही त्या दिवशी जाणे झाले नाही. मला फार वाईट वाटले.

मला ओढून गॅरेजात नेले. तिथल्या दाढीवाल्या मेकॅनिकने झाकण उघडले. मिस्त्री, नर्सबाई आणि त्यांची मुलगी भोवती उभी होती.

"पंप गेलाय," दाढीवाला मोठ्याने म्हणाला. "पण हा काही आज गेला नाही. बरेच दिवस ओरडत असणार. ऐकलं नाही का कोणी?"



मुलगी म्हणाली, "बाबा, आई, पुरे झालं आता. विकून टाकू या ही. आईला एकटीला टेकडीवर अडकवते म्हणजे काय? उद्या काही झालं म्हणजे?"

"मग ताईकडे कशी जाऊ मी?" नर्सबाई म्हणाल्या.

मिस्त्री माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "गाडीचा दोष नाही," ते म्हणाले. "मला ऐकूच येत नाही गं. कधीपासून येत नाही."

नर्सबाई त्यांच्याकडे वळल्या. "अहो, मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? हे एवढंच तर काम होतं माझ्याकडे."

"आणि मला रोज ऐकू येत होतं!" त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. "मी म्हटलं, तुम्ही ऐकलंय, म्हणजे असेल ठीक!"

दाढीवाल्याला हसू आवरेना. तो चिंधीला हात पुसत म्हणाला, "गाडी विकू नका. आतून एकदम स्वच्छ आहे. पंप बदलला की पळेल."

मुलगी विचारात पडली. ती आपल्या आईचीच लेक. "बरं," ती म्हणाली. "गाडी राहील. पण एका अटीवर. बाबा कान तपासून घेणार."

"माझं काय, वय झालं आता," मिस्त्री पुटपुटले. "चालायचंच."

मला तर बॉनेट उघडून ओरडावेसे वाटले! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला दर रविवारी तपासणारा हा माणूस स्वतःच्या कानांना 'आज नको, उद्या' म्हणत बसला होता. माझ्या पहिल्या मालकासारखे!

पण नर्सबाईंनी रुग्णांना धाकात ठेवण्यात हयात घालवली आहे. नवा पंप बसताच त्यांनी मिस्त्रींना माझ्यातच बसवून दवाखान्यात नेले. परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांमागे बोराएवढी यंत्रे होती. नर्सबाईंनी चावी फिरवली, आणि मिस्त्री सीटवरून उडालेच.

"अगं, ही एवढा आवाज करते?"

"कधीपासून करते," नर्सबाई म्हणाल्या.

"आणि मागे काहीतरी सैल आहे! सायलेन्सरची पट्टी! थांब, थांब, गाडी बाजूला घे!"

खरेच सैल होती. मी स्वतःच विसरले होते.

पुढच्या गुरुवारी मिस्त्रीही आमच्याबरोबर आले. ताईच्या दारापाशी आम्ही थांबलो, तर आतून आवाज आला, "आली वाटतं. आणि खोकला बरा झाला का गं तुझ्या गाडीचा? किती दिवस वळणावरूनच ऐकू येत होता."

"ताई, तूसुद्धा?" नर्सबाई दारातच थबकल्या. "मग बोलली का नाहीस?"

"मी काय बोलणार? तुझ्या घरात मिस्त्री आहे ना!"

तिघांच्या हसण्याने माझ्या काचा हलल्या. त्या दिवशी ताईचे केस विंचरून झाल्यावर मिस्त्रींनी तिच्या पलंगाची कुरकुरणारी कडी तेल घालून गप्प केली.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरी सायकल असेल, पंखा असेल, शिवणयंत्र असेल, आजोबा-आजी असतील. त्यांची कुरकुर कानावर आली, तर 'दुसऱ्या कोणी ऐकली असेल' असे म्हणून गप्प बसू नका. सांगून टाका. आणि तुमचीच काही कुरकुर असेल, तर तीही लपवू नका.

आज रविवार आहे. झाकण उघडले आहे. आता आधी नर्सबाई दांडक्याला कान लावतात, मग मिस्त्री आपली यंत्रे नीट बसवून लावतात.

"ऐकलंस?"

"ऐकलं. तुम्ही?"

"मीही ऐकलं."

आणि मग दोघे मिळून म्हणतात, "ठीक आहे."