दादाच्या पाठीतली वळवळ

कातड्यांच्या कारखान्यात ती बारा वर्षं एकच काम करत होती. आलेलं कातडं उजेडावर धरायचं आणि भोकं शोधायची. जनावराच्या अंगात माशीची अळी वाढते, मोठी झाली की कातडं फोडून बाहेर पडते. ती भोकं तिला एका नजरेत ओळखू यायची.

म्हणून वहिनीचा फोन आला तेव्हाच तिला उमजायला हवं होतं. "वन्सं, यांचं डोकं फिरलंय. पाठीत काहीतरी वळवळतंय म्हणतात." दादा लाकूडतोडीच्या कामावर दोन महिने जंगलात राहून आला होता. पण दादाची बाटली सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक. 'पुन्हा सुरू झाली असेल,' म्हणून तिने विषय झटकला. डॉक्टरनेही गळवाचं मलम दिलं, आणि वळवळीचं ऐकल्यावर झोपेच्या गोळ्या.

आठ दिवसांनी ती दादाकडे गेली. दादा पालथा पडला होता, अंग तापाने फणफणलेलं.

"आलीस चिमणे? तू तरी बघ. इथे सगळ्यांनी मला वेड्यात काढलंय."

तिने सदरा वर केला. तीन गळवं, प्रत्येकाच्या टोकाला बारीक छिद्र. ही भोकं तिच्या रोजच्या ओळखीची होती. खांद्याखाली मात्र चिरफाळलेली, काळीनिळी जखम होती.

"हे कुणी केलं?"

"मीच. आरशात बघून, ब्लेडने. अळी अर्धी निघाली, अर्धी आतच तुटली."

तिने छिद्रांवर व्हॅसलिन थापलं. श्वास कोंडला तशा अळ्या वर आल्या. चिमट्याने तिने एकेक अख्खी ओढली. बोटाच्या पेराएवढ्या, काटेरी. वहिनी दारातून पुढे आली. "अगंबाई, खरंच होतं की हो!"

"बघ," दादा म्हणाला, आणि उशीत तोंड खुपसून रडला.

तासाभरात त्याला हॉस्पिटलात हलवलं, पण जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

बाहेरच्या बाकावर वहिनीने विचारलं, "मी फोन केला तेव्हाच का नाही आलात?"

तिला खोटं सुचलं नाही. "मला वाटलं, पितोय."

"दोन वर्षं थेंब नव्हता घेतला त्यांनी," वहिनी म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंतच नाही." आणि ती उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.