देठाकडची बाजू

मास्तरांनी चित्रावरची जुनी चादर झटक्यात ओढली आणि ते बायकोच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. ती नुकतीच आपल्या भाजीच्या गाळ्यावरून घरी आली होती. हातातली पिशवीसुद्धा तिने अजून खाली ठेवली नव्हती.

"ढोबळी मिरची," ती म्हणाली. "आडवी कापलेली."

"अगं, नीट बघ तरी! सगळी निळी आहे."

"बरं, निळी ढोबळी मिरची. तीन दिवसांची तरी असेल, कडा सुरकुतल्यात. आणि ही माझ्या गाळ्यावरची नाही. कुणाकडून आणलीत?"

मास्तरांचा चेहरा पडला. तिला सुगावा लागू नये म्हणून ते मुद्दाम बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन मिरची घेऊन आले होते. चित्र तर गेलंच, वर बायको दोन दिवस धड बोलली नाही.

एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून मास्तर निवृत्त झाले होते. त्यांचा हात असा तयार होता की त्यांनी काढलेली काकडी पाहून शाळेच्या शिपायाने एकदा मीठ आणलं होतं. पण त्यांची चित्रं लागली ती फक्त मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, वेळापत्रकाच्या शेजारी. एकदा तरी आपलं चित्र खऱ्याखुऱ्या कलादालनात लागावं, ही एकच इच्छा उरली होती. आणि त्यांच्याच एका विद्यार्थिनीने गावात कलादालन काढलं होतं. तिथे अमूर्त चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं आणि एक भिंत रिकामी होती.

"सर, ती भिंत तुमचीच," ती म्हणाली होती. "फक्त चित्रातलं फळ किंवा भाजी बघताक्षणी ओळखू आली, तर मला ते लावता येणार नाही. सोमवारपर्यंत द्या."

आता अमूर्त म्हणजे काय, हे मास्तर वर्गात फळ्यावर लिहून देत आले होते, पण स्वतः करायची वेळ कधी आली नव्हती. मन रिकामं करून बसलं की त्यांना झोप लागायची. समोर वस्तू असल्याशिवाय हात चालत नसे. मग त्यांनी तोडगा काढला: भाजी कापायची, तिच्या आत डोकावायचं आणि जे दिसेल ते भलत्याच रंगात रंगवायचं. परीक्षक घरातच होती. बायकोला ओळखू आलं नाही तर जगात कुणालाच येणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

ती खात्रीच नडत होती. कोबीच्या आतले पदर त्यांनी वादळासारखे काळेकरडे रंगवले.

"कोबी. गड्डा भरलेला नाही, कापायची घाई केलीत."

बिटाची चकती हिरवी केली, तर ती लांबूनच "बीट" म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

शनिवारी ते गाळ्यावर मदतीला म्हणून गेले. बायको गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतलेली पाहून त्यांनी ढिगावरचं एक वांगं उचललं आणि खिशात घातलं. घरी आल्यावर ते उभं कापलं, त्यातला जेमतेम दोन बोटं भाग निवडला आणि तेवढाच दाराएवढ्या कॅनव्हासवर चढवला. जांभळा रंग तर त्यांनी ट्यूबमधून बाहेरच काढला नाही. सगळं पिवळं, विटकरी आणि राखाडी.

रविवारी दुपारी चादर ओढली. बायको पाहत राहिली. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाही बुवा ओळखत," ती म्हणाली.

"खरंच?"

"आता नाही ओळखत तर नाही ओळखत! काय आहे?"

"ते सांगायचं नसतं," मास्तर म्हणाले आणि चहा त्यांनी स्वतः केला. आयुष्यात पहिल्यांदा तो उतू गेला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून मास्तर आपल्या भिंतीजवळून हलले नाहीत. दाढीवाल्या एका गृहस्थांना चित्रात युद्धानंतरची शांतता दिसली. एका डॉक्टरांना फुप्फुस दिसलं. मास्तर दोघांनाही "अगदी बरोबर" म्हणाले. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. शेवटी खऱ्या कलावंताच्या ऐटीत ते चहा प्यायला बाहेर गेले.

परत आले तर दोन माणसं त्यांचं चित्र भिंतीवरून उतरवत होती. मास्तर धावत पुढे झाले.

"काय झालं? कुणी ओळखलं का?"

"नाही हो, सर," विद्यार्थिनी ओशाळून म्हणाली. "माफ करा, आमच्याकडून उलटं लागलं होतं. काकू आत्ताच आल्या, त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. देठाकडची बाजू खाली गेलीय म्हणाल्या."

माणसांनी चित्र सुलटं करून लावलं. मास्तर स्वतः सकाळपासून त्याच्यासमोर उभे होते, आणि त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्समध्ये काहीतरी शोधत बसली होती. ते सापडत नव्हतं, आणि ती वरही बघत नव्हती. मास्तर तिच्या शेजारी जाऊन बसले.

"ताजं होतं का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"ताजं म्हणजे! सगळ्या पाटीत तेच कोवळं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्ही येताना दिसलात तसं वर काढून ठेवलं."